विजेटनं स्क्रीन बघावी की मिळालेली जागा?

शंकासुर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, फावल्या वेळात डेस्कटॉपसाठी एक विजेट, म्हणजे सतत समोर दिसणारं छोटं साधन, लिहितोय. लिनक्सच्या केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवर, क्यूएमएल भाषेत. वर घड्याळ, त्याखाली वार-तारीख, मग सूर्योदय-सूर्यास्ताची ओळ आणि तळाशी कामांची यादी. २७ इंची मॉनिटरवर दृष्ट लागेल असं दिसतं. तेच लॅपटॉपवर टाकलं की घड्याळ यादीवर चढतं, तारीख अर्धी गायब होते. पॅनेलमध्ये (स्क्रीनच्या कडेच्या पट्टीत) टाकलं तर काय होतं ते सांगवत नाही.

पहिला उपाय म्हणून मी स्क्रीनची रुंदी विचारली. १६०० पिक्सेलपेक्षा कमी असेल तर छोटी मांडणी, जास्त असेल तर मोठी. लॅपटॉपवर जमलं. मग मोठ्या मॉनिटरवर विजेट कोपरा धरून आकसवलं, तर आत मोठीच मांडणी! स्क्रीन मोठी आहे ना, मग कोड म्हणतो सगळं आलबेल.

दोन प्रश्न. विजेटनं नेमकं कशाकडे बघून मांडणी बदलावी? आणि जागा कमी पडली की आधी काय लहान करायचं, काय लपवायचं, हे कोण ठरवतं?

पिक्सेलपंत | सोमवार, रात्री १०:४०

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. विजेटनं स्क्रीनकडे ढुंकूनही बघू नये. आपल्याला किती जागा मिळाली तेवढंच बघावं.

स्क्रीन ३८४० बाय २१६० ची असेल, पण तुमचं विजेट कोपऱ्यातल्या २०० पिक्सेलात बसलं असेल तर त्याला त्या भव्यतेचा काय उपयोग? वेबवाल्यांनी हीच चूक बरीच वर्षं केली. मीडिया क्वेरी फक्त खिडकीची रुंदी सांगायची, त्यामुळे एकच कार्ड मुख्य रकान्यात आणि बाजूच्या चिंचोळ्या रकान्यात टाकलं की दोन्हीकडे त्याला एकच उत्तर मिळायचं. शेवटी कंटेनर क्वेरी आल्या, म्हणजे खिडकीऐवजी बाहेरच्या चौकटीची रुंदी विचारायची सोय. क्रोम आणि सफारीत २०२२ मध्ये, फायरफॉक्समध्ये फेब्रुवारी २०२३ ला. डेस्कटॉपवाल्यांकडे ही गोष्ट पहिल्यापासून होती. आई (बाहेरची चौकट) पोराला (आतल्या वस्तूला) जागा देते, पोर त्यात बसतं.

मूषकराज | सोमवार, रात्री १०:४४

आई जागा देते, पोर त्यात बसत नाही, हा माझा अनुभव आहे. विजेटबद्दलच बोलतोय. :)

जुना_कीबोर्ड | सोमवार, रात्री ११:३१

पंतांशी सहमत, पण "पहिल्यापासून होती" हे जरा जास्तच झालं. ज्यांनी व्हिज्युअल बेसिकमध्ये (विंडोजचे प्रोग्राम लिहायच्या जुन्या भाषेत) दिवस काढलेत त्यांना विचारा.

तिथे प्रत्येक बटणाला डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती हे आकडे हातानं दिलेले. तेही पिक्सेलमध्ये नव्हे, ट्विपमध्ये. एका इंचात १४४० ट्विप, म्हणजे ९६ डीपीआयवर (इंचाला ९६ पिक्सेल) एका पिक्सेलला १५. खिडकी ओढून मोठी केली की बटणं आपली जागच्या जागी, आणि उजवीकडे करड्या रंगाचं मोकळं मैदान. मग रिसाइझच्या इव्हेंटमध्ये, म्हणजे माप बदललं की चालणाऱ्या कोडात, बसून लिहायचं: यादीची रुंदी म्हणजे खिडकीची रुंदी वजा २४०, यादीची उंची म्हणजे खिडकीची उंची वजा ९००. एवढं सगळं करून प्रोग्राम लोकांना दिला, आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी खिडकी मिनिमाइझ केली. उंची वजा ९०० हे उत्तर ऋण आलं. त्रुटी क्रमांक ३८०, प्रोग्राम खलास. त्यानंतर प्रत्येक फॉर्ममध्ये पहिली ओळ "मिनिमाइझ असेल तर बाहेर पड" ही. ती ओळ आजही झोपेत लिहीन.

जावात त्यामानानं सुख होतं, कारण मांडणी करणारा वेगळा घटक होता. फक्त त्यातला ग्रिडबॅग लेआउट म्हणजे स्वतंत्र प्रकरण. प्रत्येक वस्तूसाठी अकरा मूल्यं भरायची. आणि त्याचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. सगळ्यांची पसंतीची रुंदी मावत असेल तोवर सगळं छान. त्याहून एक पिक्सेल कमी पडला की तो थोडं थोडं आकसत नाही, सगळ्यांना एकदम किमान मापावर आणतो. मजकूर भरायचे रकाने क्षणात काडीएवढे. मी आधी समजलो माझंच काहीतरी चुकलं. दोन दिवस शोधत होतो.

खिडकीवाला | सोमवार, रात्री ११:५०

११ मूल्यं. अंगावर काटा आला. आठवण करून दिल्याबद्दल निषेध.

रिकामी_जागा | मंगळवार, सकाळी ७:५५

शंकासुर, थोडं मुळातून सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

बहुतेक टूलकिटांत (खिडक्या-बटणं बनवायच्या संचांत) मांडणी म्हणजे दोन फेऱ्यांची बोलणी असतात. पहिल्या फेरीत वरचा खालच्याला विचारतो, "तुला किती लागेल?" खालचा दोन आकडे सांगतो, कमीत कमी एवढं आणि मनासारखं एवढं. दुसऱ्या फेरीत वरचा सगळ्यांची बेरीज बघून प्रत्येकाला प्रत्यक्ष जागा देतो. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ टूलकिटमध्ये या फेऱ्यांना मेझर आणि अरेंज अशी सरळ नावंच आहेत. प्लाझ्मा ज्यावर उभा आहे त्या क्यूटीमध्ये साइझ हिंट (मनासारखं माप) आणि साइझ पॉलिसी. पॉलिसी म्हणजे वस्तूचा स्वभाव. काही वस्तू ठरल्या मापापेक्षा जराही हलत नाहीत, काहींना मिळेल तेवढी जागा हवीच असते, आणि काही म्हणतात माझं मत विचारात घेऊच नका.

यात खरी मेख आहे मजकुराची. ओळ मोडता येत असेल तर "किती उंची लागेल?" याचं उत्तर "रुंदी किती देताय?" यावर अवलंबून असतं. जीटीके या लिनक्सवरच्या दुसऱ्या टूलकिटात दुसऱ्या आवृत्तीपर्यंत रुंदी आणि उंची सुटी सुटी विचारली जायची, त्यामुळे गुंडाळणाऱ्या मजकुराचे हाल व्हायचे. २०११ मध्ये जीटीके ३ आलं तेव्हा "अमुक रुंदीला किती उंची" असं विचारायची सोय झाली.

तुमचं घड्याळ यादीवर चढतं याचा अर्थ मला तरी एवढाच दिसतो की तुम्ही किमान माप कुठे सांगितलेलंच नाही, किंवा वस्तू लेआउटमध्ये न ठेवता अँकर (दुसऱ्या वस्तूच्या कडेला बांधणं) आणि हाताच्या आकड्यांनी डकवल्यात. बोलणीच झाली नाहीत तर तडजोड कशी होणार?

शंकासुर | मंगळवार, सकाळी ८:२०

रिकामी_जागा, तुम्ही माझा कोड चोरून बघितलाय. घड्याळाचा वाय (वरून अंतर) ० आहे आणि यादीचा वाय १४०, दोन्ही हातानं. शरमेनं मान खाली.

तिसरा_मॉनिटर | मंगळवार, सकाळी ९:०५

मी जरा उलटा सूर लावतो. "स्क्रीनकडे बघूच नये" हे पुस्तकात ठीक आहे.

एक. स्केलिंग, म्हणजे सगळं ठराविक टक्के मोठं करून दाखवणं. १९२० बाय १०८० चा पडदा १२५ टक्क्यांवर ठेवला की प्रोग्रामच्या हिशेबानं तो १५३६ बाय ८६४ च उरतो. विंडोज ११ चा टास्कबार ४८ घेतो, राहिले ८१६. मी दोन मॉनिटर वापरतो, एक १०० टक्क्यांवर आणि एक १५० वर. खिडकी एकावरून दुसऱ्यावर ओढली की मधल्या रेषेवर काय काय नाचतं ते बघण्यासारखं असतं. विंडोजमध्ये प्रत्येक मॉनिटरचं स्केल वेगळं कळायची सोयच मुळी ८.१ मध्ये, म्हणजे २०१३ ला आली.

दोन. वर उघडणारी फळी. पॅनेलमधलं विजेट छोटं असतं, पण क्लिक केल्यावर जी फळी उघडते तिला स्क्रीन किती उरली आहे हे कळायला नको? नाहीतर ती स्क्रीनच्या बाहेर उघडेल. आणि त्यातही पूर्ण स्क्रीन नव्हे, टास्कबार वगळून उरलेली. हा फरक न केल्यामुळे किती संवादखिडक्यांचं "ठीक आहे" बटण टास्कबारच्या मागे लपलेलं पाहिलंय याची गणती नाही.

अर्धविराम_ | मंगळवार, सकाळी ९:३०

ते बटण! १०२४ बाय ६०० च्या छोट्या लॅपटॉपवर मी एका प्रोग्रामच्या सेटिंग्ज वर्षभर बदलू शकले नव्हते. संवादखिडकी ७०० पिक्सेल उंच, मोठी-छोटी करता येत नव्हती, स्क्रोल नाही. बटणं कुठेतरी जमिनीखाली. टॅब किती वेळा दाबला की "ठीक आहे" वर जातो ते पाठ केलं होतं. अकरा वेळा. मग एंटर. विश्वासावर.

घड्याळी_काटा | मंगळवार, सकाळी ९:३४

हे असं ११ सारखं सारखं का येतंय या धाग्यात?

जुना_कीबोर्ड | मंगळवार, सकाळी ९:५२

अर्धविराम, ऑल्ट-स्पेस, मग एम, मग बाणाच्या कळा. खिडकी वर ढकलता येते, शीर्षकपट्टी स्क्रीनच्या बाहेर गेली तरी चालते. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी सुपर किंवा ऑल्ट धरून खिडकी कुठूनही ओढता येते. तुम्हाला हे काही वर्षं उशिरा सांगतोय, माफी असावी.

पिक्सेलपंत | मंगळवार, सकाळी १०:१५

तिसरा_मॉनिटर, तुमचे दोन्ही मुद्दे मान्य, पण ती कामं विजेटची नाहीत. फळी कुठे उघडायची आणि जास्तीत जास्त किती मोठी करायची हे डेस्कटॉपनं ठरवायचं. त्यानं टास्कबार वजा करून विजेटला "घे, एवढी उंची" म्हणायचं. विजेटनं तेवढ्यात बसायचं. स्केलिंगचंही तसंच. विजेटनं पिक्सेल मोजूच नयेत. प्लाझ्मात ग्रिड युनिट असतं, ते अक्षराच्या उंचीवरून निघतं. "२४० पिक्सेल" ऐवजी "१४ युनिट" असं लिहा, मग फॉन्ट मोठा केला तरी हिशेब कोलमडत नाही.

फ्लटर टूलकिट वापरणाऱ्यांना हा वाद चांगला माहीत असेल. तिथे दोन्ही सोयी आहेत, एक स्क्रीनचं माप देते आणि दुसरी वरून आलेली मर्यादा देते. नवशिके पहिली वापरतात.

तिसरा_मॉनिटर | मंगळवार, सकाळी १०:२१

नवशिका म्हणालात ते ऐकलं बरं का.

पिक्सेलपंत | मंगळवार, सकाळी १०:२३

हलके घ्या हो.

खिडकीवाला | मंगळवार, दुपारी १:१०

आता शंकासुरांच्या थेट उपयोगाचं. प्लाझ्मात हे आयतं आहे. विजेटला दोन रूपं देता येतात, संक्षिप्त आणि पूर्ण. स्विचविड्थ आणि स्विचहाइट असे दोन आकडे द्यायचे. मिळालेली जागा त्याहून मोठी असली की पूर्ण रूप, नाहीतर संक्षिप्त, आणि त्यावर क्लिक केलं की पूर्ण रूप फळीत उघडतं. शिवाय फॉर्म फॅक्टर विचारता येतो, म्हणजे आपण डेस्कटॉपवर मोकळे आहोत, आडव्या पॅनेलमध्ये आहोत की उभ्या. आडव्या पॅनेलमध्ये उंची ठरलेली आणि रुंदी तुमच्या हातात, उभ्यात त्याच्या उलट. स्क्रीन विचारायची गरज कुठेच पडत नाही.

अवांतर: ही दोन रूपांची कल्पना जुनी आहे. विंडोज व्हिस्टाच्या साइडबारमध्ये गॅजेट बसलं असलं की जेमतेम १३० पिक्सेल रुंदी, ओढून बाहेर काढलं की मोठं व्हायचं. बसलं आणि निघालं असे दोन वेगळे इव्हेंटच होते. विंडोज ७ मध्ये साइडबार गेला, गॅजेट उरली, आणि जुलै २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टनंच ती बंद करण्याचा सल्ला दिला. मॅकवरचा डॅशबोर्ड २००५ ला आला, २०१९ च्या कॅटालिनात गेला, आणि २०२३ च्या सोनोमात विजेटं परत डेस्कटॉपवर. माणसाला कोपऱ्यात घड्याळ लागतंच.

वाचनमात्र | मंगळवार, दुपारी २:०२

माहितीपूर्ण धागा. वाखु (वाचनखूण) साठवली.

मूषकराज | मंगळवार, दुपारी ३:४५

मॅकचा विषय निघालाच आहे तर माझं मत मांडतो, दगड मारू नका. हे सगळं कुठल्याही मापात ताणलं जाण्याचं प्रकरणच चुकीचं आहे. मॅकवर विजेटची मापं ठरलेली आहेत, लहान, मध्यम, मोठं, अतिमोठं. विंडोज ११ मध्येही लहान, मध्यम, मोठं. लिहिणारा तीन-चार चित्रं नीट काढतो, संपलं. ३१७ बाय २०९ मध्ये कसं दिसेल याची चिंता कोणी करायची नाही.

रिकामी_जागा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मूषकराज, निम्मं पटलं. मापं ठरली म्हणजे मजकूर ठरला असं होत नाही. मध्यम चौकटीत "सेव्ह" मावतं म्हणून "जतन करा" मावेलच असं नाही. आणि वापरणाऱ्यानं अक्षरं मोठी केली की तुमची तीन चित्रं तीनच्या तीन फाटतात. मापं ठरवली तरी आतली बोलणी चुकत नाहीत.

मॅकवरच बघा ना, तिथे २०११ पासून ऑटो लेआउट आहे. "हे त्याच्या उजवीकडे, निदान एवढं रुंद, जमलं तर तेवढं" अशा अटी मांडायच्या आणि यंत्रणेनं त्या सोडवायच्या. त्याच्या मुळाशी कॅसोवरी नावाचा अल्गोरिदम आहे, नव्वदच्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठात झालेला. "जमलं तर" हा त्यातला गाभा. प्रत्येक अटीला वजन असतं, जागा कमी पडली की हलक्या अटी आधी मोडतात.

शंकासुरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आधी काय जावं हे कोणताही लेआउट तुम्हाला सांगणार नाही. ती यादी तुम्हीच कागदावर लिहायची.

शंकासुर | मंगळवार, रात्री ११:०५

लिहिली. आधी सूर्योदयाची ओळ जाईल. मग यादीतली कामं पाचावरून दोनावर. मग यादी जाऊन फक्त आकडा, "३ कामं". मग वार. शेवटी फक्त वेळ उरेल.

लिहिताना एक गोष्ट कळली. इतके दिवस मी सगळंच थोडं थोडं लहान करत होतो. सहा पिक्सेलच्या अक्षरातलं सूर्योदय कोणाच्या उपयोगाचं?

उकार_वेलांटी | बुधवार, सकाळी ६:४८

सूर्योदय शब्द काढलात म्हणून लॉगिन केलं.

कृपया त्या ओळीची उंची आकड्यानं देऊ नका. मी भाषांतरित प्रोग्रामांची तपासणी करते आणि हा शब्द चाचणीसाठी मुद्दाम वापरते. खाली दीर्घ ऊकार, वर मात्रा आणि त्यावर रफार. रोमन अक्षरांच्या हिशेबानं १६ पिक्सेलची ओळ ठेवली की वरचं छाटलं जातं आणि वाचायला मिळतं "सूयादय". खालचंही छाटलं तर "सयादय". लिहिणाऱ्याच्या मशीनवर इंग्रजीत सगळं ठाकठीक असतं, त्यामुळे त्याला पटतच नाही. बरेचदा मूळ फॉन्टात देवनागरी नसतेच, यंत्रणा दुसरा फॉन्ट उसना घेते, आणि त्याची उंची वेगळी असते. ओळीची उंची प्रत्यक्ष मजकुराला विचारूनच घ्या.

दुसरं दुखणं छाटणीचं. जागा नाही म्हणून महिन्याची पहिली तीन अक्षरं घ्यायची, इंग्रजीत चालतं. आपल्याकडे संगणकाच्या लेखी काना, मात्रा आणि हलन्त हीसुद्धा "अक्षरं" आहेत. त्यामुळे जानेवारीचं होतं "जान", डिसेंबरचं "डिस" आणि सप्टेंबरचं "सप्", पाय मोडलेलं.

खिडकीवाला | बुधवार, सकाळी ८:१०

"डिस" आणि "सप्". वर्षाचे शेवटचे महिने माझ्यासारखेच दमलेले दिसतात.

घड्याळी_काटा | बुधवार, सकाळी ८:४०

वेलांटीताईंना दंडवत. माझी एक भर घड्याळाबद्दल, शंकासुरांनाही लागेल.

सेकंद दाखवणार असाल तर सावध. बऱ्याच फॉन्टांत १ अरुंद आणि ० किंवा ८ रुंद असतो. ११:११:११ झालं की घड्याळ आकसतं, ११:११:२० झालं की फुगतं. घड्याळ मधोमध ठेवलेलं असेल तर दर सेकंदाला डावी-उजवीकडे उड्या मारतं, आणि लेआउटमध्ये असेल तर शेजारच्यालाही हलवतं. माझ्या विजेटमध्ये तारीख दर सेकंदाला दचकायची. बायको म्हणाली, या घड्याळाला उचकी लागलीय का?

फॉन्टात समान रुंदीचे अंक असतील तर ते वैशिष्ट्य चालू करा. नसतील तर दहाही अंक मोजून सर्वांत रुंद अंकाच्या हिशेबानं जागा आधीच अडवून ठेवा.

शंकासुर | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचं ऐकून कोड नव्यानं लिहिला. हातचे आकडे काढले, लेआउट वापरला, किमान मापं सांगितली, युनिट वापरली. ८० टक्के काम झालं.

आणि एक नवं भूत मिळालं. एका ठराविक रुंदीला विजेट थरथरतं. पूर्ण, संक्षिप्त, पूर्ण, संक्षिप्त, सेकंदाला कित्येक वेळा. लॉगमध्ये "बाइंडिंग लूप" (मूल्यं एकमेकांवर अवलंबून गोल फिरतायत) अशी तक्रार. एक पिक्सेल ओढलं की शांत.

पिक्सेलपंत | बुधवार, रात्री ९:४०

यादीला स्क्रोलबार आहे?

शंकासुर | बुधवार, रात्री ९:४१

आहे.

पिक्सेलपंत | बुधवार, रात्री १०:०५

मग चोर सापडला. पूर्ण रूपात कामं जास्त, म्हणून स्क्रोलबार येतो. तो समजा १२ पिक्सेल खातो. आतली रुंदी १२ नं घटते, तुमच्या सीमेखाली जाते, म्हणून संक्षिप्त रूप येतं. त्यात दोनच कामं, स्क्रोलबार जातो, १२ पिक्सेल परत येतात, रुंदी सीमेच्या वर, पुन्हा पूर्ण रूप. चालू राहा.

निर्णय आतल्या रुंदीवर घेऊ नका, विजेटला बाहेरून मिळालेल्या रुंदीवर घ्या. ज्या मापावरून तुम्ही आतलं ठरवता, ते माप आतल्यानं बदलता कामा नये. वेबच्या कंटेनर क्वेरीत म्हणूनच अट आहे की ज्या चौकटीची रुंदी विचारायची, तिची रुंदी आतल्या मजकुरावर अवलंबून नसली पाहिजे.

तरी थरथर उरली तर जायची आणि यायची सीमा वेगळी ठेवा. १४ युनिटच्या खाली गेलं की संक्षिप्त, पण परत पूर्ण व्हायला १५ लागतील. थर्मोस्टॅट असाच चालतो.

अर्धविराम_ | बुधवार, रात्री १०:३०

माझी एक तक्रार आत्ताच ऐकून घ्या, विजेट लोकांना द्यायच्या आधी. मी असंच एक नोंदींचं विजेट वापरायचे. एक लांबलचक वाक्य टाइप करत होते, मध्येच बाजूची खिडकी सरकवताना विजेटचा कोपरा थोडा ओढला गेला. त्यानं टुणकन रूप बदललं. परत मोठं केलं तर लिहायची चौकट कोरी. अर्धं वाक्य गेलं. कर्सरही गेला.

खिडकीवाला | बुधवार, रात्री १०:५२

कारण त्या लिहिणाऱ्यानं रूप बदलताना जुनं रूप नष्ट करून नवं बनवलं असणार. टाइप केलेलं रूपाच्या पोटात ठेवलं की ते रूपाबरोबर जातं. ते बाहेर, विजेटच्या मुळाशी ठेवायचं. किंवा रूप न बदलता त्याच वस्तूंचे गुणधर्म बदलायचे. लिबअद्वैतात (गनोम डेस्कटॉपच्या घटकसंग्रहात) १.४ पासून, म्हणजे २०२३ पासून जे ब्रेकपॉइंट (मांडणी बदलायच्या सीमा) आहेत ते हेच करतात, त्याच वस्तू तिथेच राहतात, आडव्याची उभी मांडणी होते. १.६ मध्ये तर त्याच वस्तू दोन-तीन वेगळ्या मांडण्यांत हलवता येतील अशी सोय आली.

तिसरा_मॉनिटर | गुरुवार, सकाळी ९:१०

आणि लपवलेल्या बटणांचं काय? जागा नाही म्हणून "काम जोडा" बटणच गेलं तर ते विजेट नव्हे, भिंतीवरचं चित्र. बटण जाऊ शकतं, पण काम तीन ठिपक्यांच्या मेनूत तरी उरलं पाहिजे, आणि कीबोर्डनंही पोचता आलं पाहिजे. वेबसाठी डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे पान सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत, २०१८ पासून अट आहे की ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीतही मजकूर आणि सोयी न गमावता पान वापरता यावं, तेही आडवं न सरकवता. ती अट डेस्कटॉपची नाही, पण मी माझ्या विजेटांना लावतो.

(हे नवशिक्याचं मत समजावं.)

पिक्सेलपंत | गुरुवार, सकाळी ९:१४

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). शब्द मागे घेतो.

शंकासुर | शुक्रवार, रात्री ११:४०

अद्ययावत स्थिती. थरथर गेली, बाहेरच्या रुंदीवर निर्णय आणि सीमेत एका युनिटचं अंतर, दोन्ही केलं. टाइप केलेलं आता मुळाशी राहतं, अर्धविराम. "सूर्योदय" पूर्ण दिसतो, वेलांटीताई, रफारासकट. "काम जोडा" सर्वांत लहान रूपातही मेनूत आहे.

एकच अडलंय. उभं पॅनेल. रुंदी ४४ पिक्सेल. वेळ दोन ओळींत केली, वर तास, खाली मिनिटं, मावली. पण मला वार हवाय. "गुरुवार" मावत नाही, आणि ठिपके लावून "गु…" बघवत नाही.

उकार_वेलांटी | शनिवार, सकाळी ७:०२

छाटू नका आणि स्वतः संक्षेपही बनवू नका. क्यूटीच्या लोकेलला (भाषेनुसार नावं-तारखा देणाऱ्या भागाला) वाराचं नाव विचारताना लांब, आखूड की चिंचोळं असं सांगता येतं. मराठीत अनुक्रमे गुरुवार, गुरु, गु असं येतं. तिन्ही आधी मोजून ठेवा, मावेल त्यातलं सर्वांत लांब दाखवा. मंगळवार सगळ्यांत रुंद, म्हणून सात वारांचा निर्णय मंगळवारच्या मापानं एकदाच घ्या. नाहीतर सोमवारी अख्खं नाव दिसेल आणि मंगळवारी आखूड.

महिन्याला मात्र चिंचोळं रूप लावू नका. ऑगस्टही ऑ आणि ऑक्टोबरही ऑ.

मूषकराज | शनिवार, सकाळी ७:३०

बिघडलं कुठे, मध्ये "सप्" असतोच ओळखायला.

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:१८

आखूड मावलं. आज पॅनेलमध्ये "शनि" बसलाय.

घड्याळी_काटा | शनिवार, दुपारी १२:२०

किती दिवस राहणार म्हणतो?

शंकासुर | शनिवार, दुपारी १२:२१

रात्री बारापर्यंत. मग "रवि", तो जरा अरुंद आहे, पण आता शेजारचा हलत नाही.